कॉर्न्ड बीफ मऊ शिजवायचं तर: पातेलं, ओव्हन, कुकर आणि बाकीची यंत्रं

पहिल्यांदा कॉर्न्ड बीफ केलं तेव्हा दोन तासांनी झाकण उघडून मी सुरी टोचून पाहिली. सुरी आत जायला तयारच नाही. वाटलं, जास्त शिजून कडक झालं. म्हणून घाईघाईने गॅस बंद केला. ताटात आलं ते चामड्याच्या पट्ट्यासारखं. चावता चावता जबडे दुखून आले आणि शेवटी उरलेल्या तुकड्याचे बारीक चौकोन करून कसेबसे संपवले.

चूक नेमकी उलटी होती, हे नंतर कळलं. ते मांस जास्त शिजलं नव्हतं, अर्धंच शिजलं होतं. आणखी तास-दीड तास गप्प बसले असते तर त्याच तुकड्याचे धागे काट्याने सुटले असते. हे मांस मऊ होण्याआधी चांगलंच चिवट होतं आणि नवखा माणूस नेमका त्याच वेळी झाकण उघडतो. पातेलं घ्या, ओव्हन घ्या नाहीतर प्रेशर कुकर. प्रत्येक यंत्रात हा चिवटपणाचा टप्पा येतोच. यंत्राप्रमाणे फक्त घड्याळ बदलतं.

आधी हे काय आहे ते

नावातल्या ‘कॉर्न’चा मक्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत कुठल्याही दाण्याला कॉर्न म्हणत. इथे ते मिठाचे जाडे खडे. म्हणजे सरळ शब्दांत, खारवलेलं बीफ. इंग्लंडने १६६३ आणि १६६७ च्या कायद्यांनी आयर्लंडमधून जिवंत गुरं आणण्यावर आधी निर्बंध आणि मग बंदी घातली, तेव्हा तिथलं मांस मिठात घालून पिंपांतून जहाजांवर जाऊ लागलं. कॉर्क बंदर या व्यापाराचं मोठं ठाणं झालं. गंमत अशी की खुद्द आयर्लंडमधल्या सामान्य घरांत हे फारसं शिजत नसे. ते परवडण्यातलं नव्हतं. कोबी-बटाट्याबरोबरचं कॉर्न्ड बीफ ही पुढे अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांची गोष्ट. न्यूयॉर्कसारख्या शहरात त्यांना ज्यू खाटकांकडे ब्रिस्केट, म्हणजे छातीचं मांस, मिळू लागलं आणि तेच त्यांच्या सणाचं जेवण झालं.

हा लेख त्या ब्रिस्केटच्या अख्ख्या तुकड्याबद्दल आहे, जो मिठाच्या पाण्यात मुरवून, पण कच्चाच विकला जातो. डब्यातलं कॉर्न्ड बीफ वेगळं. ते आधीच शिजवून, दाबून भरलेलं असतं. ते उकळत बसू नका, चुरा होईल.

चिवट का असतं, मऊ कसं होतं

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा भाग. गुरांना गळपट्टीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या धडाचा मोठा भार या स्नायूंवरच येतो. जनावर उभं राहिलं, चाललं, बसून उठलं की हे स्नायू कामाला. अशा राबणाऱ्या स्नायूत धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन भरपूर असतं आणि चिवटपणा मुख्यतः त्याचाच.

शिजताना दोन गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसाचे धागे आवळू लागतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. ७० ते ८० अंशांच्या दरम्यान तुकडा अगदी कडक लागतो. दुसरीकडे कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होत असतं. ते ७० अंशांच्या आसपास सुरू होतं, पण वेग धरतो तो ८५-९० च्या पुढे. हे जिलेटिन धाग्यांमध्ये पसरतं आणि घास ओलसर, मऊ लागतो. म्हणून तुकड्याच्या मधोमध ९० ते ९५ अंश येणं आणि तिथे काही काळ टिकणं, हे आपलं उद्दिष्ट.

अमेरिकी अन्नसुरक्षा खात्याच्या हिशेबाने असा तुकडा ६३ अंशांना आणि पुढे तीन मिनिटं थांबवला की खायला सुरक्षित होतो. बरोबरच आहे. पण सुरक्षित आणि मऊ यांच्यात जवळजवळ ३० अंशांचं अंतर आहे, हे थर्मामीटर हातात घेणाऱ्याने विसरू नये.

रंगावरूनही काही ठरवू नका. मुरवताना मिठाबरोबर सोडियम नायट्राइट घातलेलं असतं. मांसातल्या लाल रंगद्रव्याशी त्याचा संयोग झाला की पूर्ण शिजलं तरी गुलाबी छटा राहते. गुलाबी म्हणजे कच्चं, हा नेहमीचा नियम इथे लागू नाही. उलट नायट्राइट न घालता नुसत्या मिठात मुरवलेला प्रकारही असतो, तो शिजल्यावर राखाडी दिसतो. तोही खराब नसतो.

एक इशारा इथेच देते. घरी मुरवण्याचा उत्साह आला तर ‘पिंक सॉल्ट’ या शब्दाने फसू नका. मांस मुरवायच्या त्या मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं आणि घोटाळा होऊ नये म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं. आपलं सैंधव दिसायला तसंच, पण गुण पूर्ण वेगळा. एकाच्या जागी दुसरं कधीही चालत नाही आणि मुरवण्याचं मीठ जेवणात वरून घालणं तर सरळ विषबाधेला आमंत्रण. पहिली एक-दोन वेळ मुरवलेला तुकडाच आणा.

तुकडा निवडताना

ब्रिस्केटचे दोन भाग असतात आणि पाकिटावर बहुतेक लिहिलेलं असतं. फ्लॅट म्हणजे चपटा भाग: जाडी सारखी, चरबी एका बाजूला थरासारखी, काप सुबक पडतात. पॉइंट म्हणजे टोकाकडचा जाडा भाग: चरबी आतवर शिरलेली, आकार वेडावाकडा, पण चूक पोटात घालणारा. थोडं जास्त शिजलं तरी पॉइंट कोरडा पडत नाही. ताटात सरळ काप हवे असतील तर फ्लॅट. पहिलाच प्रयत्न असेल आणि दिसण्याचं फार नसेल तर मी पॉइंट सुचवेन. दुकानात ठेवलेला माल बहुधा फ्लॅटच असतो, म्हणून पुढचे सगळे वेळ मी साधारण दीड किलोच्या फ्लॅटचे दिले आहेत.

शिजल्यावर वजन सुमारे एक तृतीयांशाने घटतं. दीड किलोतून एक किलोच्या आत-बाहेर हाती लागेल, त्या हिशेबाने माणसं बोलवा. चरबीचा थर आधी कापून टाकू नका. शिजल्यावर तो सुरीने अलगद निघतो. तोवर राहू द्या.

शिजवण्याआधी: धुणं, खारटपणा आणि एक खूण

पाकीट सिंकमध्येच उघडा, आतलं लालसर खारं पाणी सगळीकडे उडतं. तुकडा गार पाण्याच्या धारेखाली सगळ्या बाजूंनी धुऊन घ्या. बरोबर मसाल्याची पुडी आली असेल तर ती टाकू नका. तीत मोहरी, धणे, मिरी, लवंग, तेजपान असं काहीबाही असतं. पुडी नसेल तर हेच जिन्नस घरातले, मिळून दीड-दोन चमचे, अख्खेच घाला. पूड नको, पाणी गढूळ होतं.

मीठ मात्र चिमूटभरसुद्धा घालायचं नाही. हा तुकडा मिठात मुरूनच आलेला असतो.

किती खारट आहे, हे कच्च्यावरून कळत नाही. पातेल्यात शिजवत असाल तर सोपं आहे: पहिली उकळी आली की चमचाभर पाणी चाखा. समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं वाटलं तर ते सगळं ओतून ताजं पाणी भरा. बंद यंत्रात मधे चाखता येत नाही. तिथे तुकडा आधीच गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये तास-दोन तास ठेवा आणि एकदा पाणी बदला.

आता ती खूण. मांसाचे धागे कुठल्या दिशेने धावतात ते कच्च्या तुकड्यावर स्वच्छ दिसतं, अगदी लाकडाच्या रेषांसारखं. शिजल्यावर पृष्ठभाग मऊ, चिकट होतो आणि वर चरबी असते, मग दिशा सापडत नाही. म्हणून कच्चा असतानाच एका कोपऱ्याची चकती धाग्यांना आडवी छाटून टाका. शिजून आल्यावर त्या छाटलेल्या कडेला समांतर सुरी चालवायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण शेवटी ते किती वाचवतं ते पुढे येईलच.

गॅसवर, जाड बुडाच्या पातेल्यात

शिकायचं असेल तर मी हीच पद्धत पहिली सांगते. सगळं डोळ्यासमोर घडतं, हात घालता येतो, चाखता येतं.

तुकडा सहज मावेल असं खोल, जाड बुडाचं पातेलं घ्या. चरबीची बाजू वर ठेवून तुकडा ठेवा आणि वर दोन बोटं येईल एवढं गार पाणी ओता. मसाला, एक कांदा चिरून, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून. मध्यम आचेवर उकळी आणा. वर करडा फेस येतो तो झाऱ्याने काढून टाका. नाही काढला तरी बिघडत नाही, फक्त पाणी स्वच्छ राहत नाही.

उकळी आली की आच खाली आणा, आणि इथे थोडं लक्ष द्या. पाणी खदखदता कामा नये. झाकण किंचित तिरकं ठेवून पातेल्याकडे पाहा: पृष्ठभाग नुसता थरथरतोय, कडेला सेकंद-दोन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर येतोय, एवढंच हवं. तीन तास रटरटू दिलं तर धागे बाहेरून झडतात आणि आतून आवळलेलेच राहतात. भुगा आणि चिवटपणा दोन्ही एकदम. सगळ्यात लहान शेगडीची सगळ्यात बारीक आचही जास्त पडत असेल तर पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवा.

वेळ: दर अर्ध्या किलोला तासाभराहून थोडा जास्त, म्हणजे दीड किलोला तीन ते साडेतीन तास. पाणी आटून तुकडा उघडा पडू लागला तर उकळतं पाणी घाला, गार नाही. दोन तासांनी टोचून पाहिलंत तर हाताला लागेल तो कडकपणा. घाबरू नका. माझा पहिला तुकडा तिथेच वाया गेला होता. पुन्हा झाकण ठेवा आणि अडीच तासांच्या आधी बघू नका.

उंच डोंगरावर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने कमी. दीड-दोन हजार मीटरवर उघड्या पातेल्यात तासभर जास्त धरा किंवा सरळ प्रेशर कुकरकडे वळा.

ओव्हनमध्ये

ओव्हनचा फायदा असा की उष्णता चहूबाजूंनी येते आणि एकदा लावलं की आचेशी झटापट नाही. झाकणाचं जड भांडं सर्वांत उत्तम. नसेल तर खोल ट्रे घेऊन त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर कडेला दाबून घट्ट बसवा. वाफ निसटली की काम बिघडलं.

ओव्हन १६० अंशांवर तापवा. तुकडा चरबी वर करून ठेवा, तळाशी दोन-तीन सेंटिमीटर उकळतं पाणी, मसाला आणि वाटल्यास कांद्याच्या जाड चकत्या. झाकून साडेतीन तास. मधे दार उघडून डोकावण्याचा मोह टाळा.

इथे तुकडा पाण्यात पूर्ण बुडालेला नसतो, म्हणून मीठ पाण्यात कमी उतरतं आणि चव जास्त दाट राहते. ओव्हनसाठी आधी भिजवणं म्हणूनच चुकवू नका. शिजल्यावर हौस असेल तर वरची चरबी पातळ करून घ्या, मोहरीची चटणी आणि गूळसर तपकिरी साखर कालवून लेप द्या आणि २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा. वर तकाकी येते. साखर जळायला वेळ लागत नाही, समोरून हलू नका.

स्लो कुकरमध्ये

घाई नसलेल्यांचं हे यंत्र: विजेवर, मंद उष्णतेने तासन्‌तास शिजवणारं भांडं. तळाशी बटाटे आणि गाजराचे मोठे तुकडे, वर मांस, मसाला आणि दीड-दोन कप पाणी. भाज्या खाली, कारण या भांड्यात मुळांच्या भाज्या मांसापेक्षा हळू शिजतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खोटं वाटलं होतं. ‘लो’वर आठ ते दहा तास किंवा ‘हाय’वर पाच ते सहा. मी पहिला एक तास ‘हाय’वर ठेवते, म्हणजे मांस कोमट अवस्थेत फार वेळ रेंगाळत नाही, नंतर ‘लो’.

दोन नियम. गोठलेला तुकडा कधीही थेट घालू नका. आत उष्णता पोचायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात जंतूंची चंगळ होते. आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सोडून ठेवा. आणि झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली वाफ आणि ऊब भरून यायला वीसेक मिनिटं जातात. कोबी मात्र शेवटच्या तासाभरात टाकावा लागतो. ते एक उघडणं माफ.

हे यंत्र काम आपोआप करतं, पण थांबत मात्र आपोआप नाही. बारा-चौदा तासांनी फ्लॅटचा कोरडा चोथा होतो. ऑफिसला जाताना लावून रात्री उशिरा येणार असाल तर ठरल्या वेळी ‘वॉर्म’वर जाणारा कुकर हवा.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणि शिट्टीचा कुकर

दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. इलेक्ट्रिक कुकरच्या ‘हाय’ला आत साधारण ११५ ते ११८ अंश असतात आणि शिट्टीच्या कुकरमध्ये पूर्ण दाबाला १२१ च्या जवळ. कोलॅजन त्या तापमानाला झरझर विरघळतं, म्हणून तीन तासांचं काम निम्म्याहून कमी वेळात होतं.

इलेक्ट्रिक कुकरमध्ये तळाला जाळी ठेवा, तीन-चार कप पाणी, मसाला, वर तुकडा चरबी वर करून. ‘हाय’ दाबावर ८५ ते ९० मिनिटं. तुकडा फार जाड असेल तर धाग्यांना आडवे दोन भाग केलेत तरी चालेल. दाब चढायला लागणारी पंधरा-वीस मिनिटं यात धरलेली नाहीत.

मग वाफ सोडायची नाही. माझ्या मते कुकरमधल्या निम्म्या तक्रारी इथून येतात. वाल्व्ह झटकन उघडला की आतला दाब एकदम पडतो, पण मांस अजून १०० अंशांच्या वर असतं. त्यामुळे धाग्यांच्या आतलं पाणी तिथल्या तिथे उकळून बाहेर पडतं, जेवढं शिजवून कमावलं तेवढं दोन मिनिटांत घालवायचं. दाब आपोआप वीस-पंचवीस मिनिटं उतरू द्या. झाकणावरची दाब दाखवणारी पिन अजूनही वर असेल तर मग उरलेली वाफ सोडा.

शिट्टीच्या कुकरला हेच, फक्त शिट्ट्या मोजायच्या नाहीत. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा, घड्याळ लावा, ६० ते ७० मिनिटं. मधे क्वचित एखादी शिट्टी झाली तर होऊ द्या. एवढ्या वेळात पाणी आटून कुकर कोरडा पडण्याची भीती खरी असते, म्हणून पाणी चार-पाच कप घाला, पण भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. आचेवरून उतरवून तसाच गार होऊ द्या. नळाखाली धरायची सवय असेल तर आज ती बाजूला ठेवा.

उघडून कडक लागलं तर? झाकण लावा, आणखी पंधरा मिनिटं. कुकरचा खरा तोटा हाच, की आत काय चाललंय ते दिसत नाही आणि अंदाजाने चालावं लागतं. दोनदा केलंत की तुमच्या कुकरचा आकडा तुम्हाला कळेल. तो लिहून ठेवा.

सू-वीद, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह

सू-वीदचं, म्हणजे पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवणारं, यंत्र असेल तर तुकडा पिशवीत हवाबंद करून ८० अंशांच्या पाण्यात दहा-बारा तास. तापमान कमी, पण इतक्या लांब वेळात कोलॅजन तरीही विरघळतं, म्हणून इथे ९० च्या आकड्याची वाट पाहायची नाही. पाणी बाहेरचं बाहेर राहतं, म्हणून मिठाला जायला जागाच नाही. इथे रात्रभर भिजवून, दोनदा पाणी बदलूनच घ्या.

एअर फ्रायरमध्ये कच्चा तुकडा टाकून मऊ होण्याची वाट पाहू नका. कोरडी गरम हवा बाहेरून करपवते आणि आतला चिवटपणा तसाच सोडते. शिजलेल्या तुकड्यावर लेप देऊन १९० अंशांवर आठ-दहा मिनिटं, एवढ्यासाठी मात्र तो झकास. मायक्रोवेव्ह गरम करायला ठेवा, शिजवायला नको.

झालं की नाही, ते काटा सांगतो

थर्मामीटरचं टोक सर्वांत जाड भागात, चरबीत न घुसवता, मधोमध. ९० च्या वर आकडा आला की काटा हातात घ्या. तो तुकड्यात खुपसा आणि पाव वळण फिरवा. काटा लोण्यात गेल्यासारखा शिरला आणि फिरवताना धागे बाजूला झाले, की झालं. काटा शिरतो पण उपसताना तुकडाच वर उचलला जातो, असं झालं तर अजून वीस मिनिटं. काटा लावताच सगळं ढासळलं तर थोडं पुढे गेलात. जाड काप करा, चालून जाईल.

दोन तुकडे सारखे नसतात. एकाच वजनाच्या, एकाच दुकानातल्या तुकड्यांत अर्ध्या तासाचा फरक मी पाहिला आहे. म्हणून वर दिलेल्या मिनिटांपेक्षा काट्यावर जास्त भरवसा ठेवा.

बाहेर काढल्यावर लगेच कापू नका. ताटात ठेवा, डावभर शिजवणीचं पाणी वर घाला आणि फॉइलने सैलसर झाकून पंधरा-वीस मिनिटं सोडा. भाज्यांना हीच वेळ. पातेल्यातल्या पाण्यात बटाटे आणि गाजर टाकून दहा मिनिटं, मग कोबीच्या देठासकट केलेल्या फोडी टाकून आणखी दहा. इलेक्ट्रिक कुकरमध्ये तिन्ही एकदम, तीन-चार मिनिटं, आणि या वेळी वाफ झटकन सोडायची. भाजीला थांबवलं तर तिचा लगदा होतो.

कापणं

इतकं सगळं नीट करूनही मांस चिवट लागू शकतं, आणि दोष सुरीचा असतो. धाग्यांच्या दिशेने काप केला तर प्रत्येक घासात लांबच लांब दोऱ्या येतात आणि त्या तोडायचं काम दातांवर पडतं. आडवा काप केला की त्याच दोऱ्यांचे पेन्सिलच्या जाडीचे बुटके तुकडे होतात आणि तोंडात आपोआप सुटतात. एकाच तुकड्याचा एक काप असा आणि एक काप तसा करून खाऊन पाहा, एकदा तरी. मी पाहिलं तेव्हा दोन्ही एकाच पातेल्यातले आहेत यावर घरात कुणाचा विश्वास बसेना.

कच्चं असताना छाटलेला कोपरा आता शोधा आणि त्याला समांतर, लांब धारदार सुरीने, पाऊण सेंटिमीटरचे काप करा. सुरी पुढे-मागे ओढा, खाली दाबू नका. फ्लॅट आणि पॉइंट जोडून असलेला अख्खा तुकडा असेल तर मधल्या चरबीच्या थरातून दोन्ही वेगळे करा, कारण दोघांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात. एकाला आडवा तो दुसऱ्याला उभा. लागेल तेवढंच कापा. बाकीचा तुकडा अख्खाच राहू द्या, कापलेलं मांस बघता बघता कोरडं पडतं.

बिघडलंच तर

कडक: पाण्यात परत टाका, अर्धा तास, मग काटा. याला दुसरा उपाय नाही आणि लागतही नाही. खारट: काप करून ताज्या साध्या पाण्यात दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, बटाट्यांबरोबर वाढा. कोरडं: गेलेलं पाणी परत येत नाही, पण पातळ काप गरम शिजवणीत दोन मिनिटं बुडवले तर घास गिळवतो.

उरलेलं

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. डब्यात थोडं शिजवणीचं पाणी घालून तुकडा त्यात ठेवा. तीन-चार दिवस उत्तम राहतं, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. कच्चं बंद पाकीट फ्रिजमध्ये पाच-सात दिवस ठेवता येतं, पाकिटावरची तारीख मात्र पाहा. गरम करताना चमचाभर पाणी घालून, झाकून, आतपर्यंत वाफाळेल असं. उरलेल्या शिजवणीचं सूप करायचं तर निम्मं साधं पाणी मिसळा आणि आटवू नका, नाहीतर मिठाचा मारा होईल.

सँडविचसाठी तुकडा थंडगार असतानाच कापा. जिलेटिन घट्ट झालेलं असतं, त्यामुळे कागदासारखे पातळ काप पडतात. गरम असताना तेच करायला गेलात तर हातात चुरा येतो. तो चुरा फेकू नका. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि कांदा घालून लोखंडी तव्यावर थोड्या तेलात पसरा, उलथन्याने दाबा आणि पाच मिनिटं अजिबात हलवू नका. खालून खरपूस पापुद्रा धरला की उलटा.